पैसे आमचे, बर्फ त्यांचा

स्की रेसिंगच्या सरावासाठी रन, म्हणजे स्कीवरून घसरायचा उतार, आमच्यासाठी बंद करायचाय? दोर बांधा. लाल-निळी गेटं, म्हणजे ज्यांना वळसे घालत खाली जायचं ते खांब, रोवा, दोन्ही बाजूंनी जाळ्या लावा, खाली टायमिंगवाला बसवा. माझी काडीचीही हरकत नाही. पण मग त्याच रनपुढे सकाळी तुमच्या रिसॉर्टच्या ॲपवर 'खुला' सांगणारा हिरवा ठिपका कशाला? आम्ही तो ठिपका बघून डेन्व्हरहून अंधारात निघतो. आय-७० महामार्गावर गाड्यांच्या शेपटीला शेपूट लावून तो आयझेनहॉवर बोगदा गाठतो, पार्किंगचे पैसे भरतो, ते दगडी बूट पायात कोंबतो, चेअरलिफ्टच्या रांगेत गारठतो. आणि वर पोचल्यावर रनच्या तोंडाशी झेंडूच्या रंगाचं जॅकेट घातलेला एक विशीतला मुलगा उभा असतो. 'सॉरी मॅम, ट्रेनिंग आहे. बाजूच्या वाटेनं जा.'

कधीपर्यंत आहे रे बाबा? त्याला माहीत नसतं. खाली तिकीट खिडकीवर विचारा, त्यांनाही माहीत नसतं. माहीत फक्त कोचला असतं, आणि कोच वॉकीटॉकीवर बोलत असतो.

ज्यांनी कोलोरॅडोचा नोव्हेंबर पाहिलेला नाही त्यांना वाटेल, एक रन बंद तर एवढा काय आकांत? डोंगर केवढा मोठा! फेब्रुवारीत मोठा असतो हो. फेब्रुवारीत चार रन दोरानं बंद करा, मला पत्तासुद्धा लागणार नाही. पण नोव्हेंबरमध्ये आभाळातून पडलेला बर्फ नावालाच असतो. जो काही असतो तो तोफांनी उडवलेला: रात्रीच्या कोरड्या थंडीत पाण्याचे तुषार हवेत फेकायचे आणि खाली पडेपर्यंत गोठवायचे. त्यामुळे तपकिरी डोंगरावर एक पांढरी पट्टी तयार होते, फार तर दोन. त्या पट्टीवर अख्खं डेन्व्हर उतरतं. पहिल्यांदाच स्की घातलेले, स्नोबोर्डवाले, कानात गाणी लावून सुसाट जाणारी पोरं, सगळे एकाच पट्टीवर. इथले लोक गमतीनं तिला मृत्यूची पांढरी पट्टी म्हणतात, आणि दुपारच्या गर्दीत ती गंमत वाटत नाही. आता या पट्टीचा चांगला, रुंद, एकसारख्या उताराचा अर्धा भाग तुम्ही रेसिंगला दिलात, तर उरलेल्या चिंचोळ्या अर्ध्यात आम्ही किती जण मावायचे?

माझा नवरा गेल्या हंगामात स्की शिकला. त्याला वळायला जागा लागते, भरपूर लागते. असाच रन बंद होता त्या दिवशी आम्हाला वाट दिली होती ती झाडांच्या कडेनं जाणारी, जेमतेम दोन माणसं शेजारी मावतील एवढी, मधे उघडे दगड आणि घासून काच झालेला बर्फ. तो बिचारा कडेला बसून राहिला. आणि दोराच्या पलीकडे काय? कार्पेटसारखा सपाट केलेला उतार, त्यावरून दर मिनिटाला एक पोरगं खाली जातंय. बाकी सगळा रिकामा! या मधल्या रिकाम्या मिनिटाकडे बघत अलीकडचे शे-दीडशे लोक खोळंबलेले. तिथं डोकं फिरलं माझं.

आता कुणीतरी सांगायला येणारच की ताई, हे सुरक्षेसाठी असतं. मान्य! शंभर टक्के मान्य. डाउनहिल, म्हणजे स्कीतली सर्वांत वेगवान शर्यत, तिच्यातला माणूस ताशी १२० किलोमीटरनं येतो. फ्रान्सच्या योहान क्लारेनं २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वेंगनच्या शर्यतीत ताशी १६१.९ किलोमीटर गाठले होते. अशा माणसाच्या वाटेत माझा नवरा आडवा पडलेला असला तर दोघंही संपले. आणि सरावाचा उतार शर्यतीच्या उताराइतकाच जीवघेणा असतो, हेही खरंय. फ्रान्सचा दाविद पॉइसाँ २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या नाकिस्काला सरावातच गेला. इटलीची मातिल्दे लोरेन्झी २०२४ मध्ये गेली, १९ वर्षांची होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चिलीतल्या ला पार्व्हाला मातेओ फ्रांझोसो सरावात जाळ्या फाडून बाहेर फेकला गेला आणि वाचला नाही. त्यामुळे दोर ओलांडून आत घुसणाऱ्यांना माझी अजिबात सहानुभूती नाही. बंद उतारावर जाणं कोलोरॅडोच्या १९७९ च्या स्की सेफ्टी कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. उलट मी म्हणते, आणखी जाळ्या लावा, दुप्पट लावा.

पण सुरक्षेचं कारण दोराला लागू आहे, लपवाछपवीला नाही. उद्या सकाळी आठ ते बारा अमुक रन सरावासाठी बंद, हे आदल्या संध्याकाळी ॲपवर लिहिल्यानं कोणाचा गुडघा मोडणार आहे? वेळापत्रक नाही असं समजू नका. मुलांना रेसिंग शिकवणाऱ्या क्लबच्या पालकांना महिनाभर आधी ईमेल जातो: तारीख, वार, रन, लिफ्ट किती वाजता उघडणार, सगळं. आमच्या मंडळातल्याच एका बाईंची मुलगी क्लबात आहे, त्यांनी मला फोनवर दाखवला. सुंदर रंगीत तक्ता. म्हणजे माहिती तयार आहे, नीटनेटकी आहे, फक्त आमच्यासारख्या हंगामाचा पास घेणाऱ्यांपासून झाकून ठेवलेली आहे. का? कारण ती दिसली तर आम्ही त्या दिवशी येणार नाही. मग पार्किंग कोण भरणार, आणि वरच्या हॉटेलातली वीस डॉलरची बर्गर कोण खाणार?

एकाच मुहूर्तावर दोन लग्नांना तोच हॉल देणाऱ्या कार्यालयवाल्याला आपण काय म्हणतो? इथं त्याला रिसॉर्ट म्हणतात. आमच्याकडून वसंतातच पासचे पैसे घेऊन ठेवायचे, क्लबाकडून आणि परदेशी संघांकडून उताराचं वेगळं भाडं घ्यायचं, आणि दोघांची वरात एका दारात आली की आम्हाला सांगायचं, जरा बाजूनं जा. पास नसलेल्याची तर कथाच नको. इथल्या व्हेल आणि बीव्हर क्रीक रिसॉर्टला ऐन हंगामात खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या वर गेलंय. आमचा डोंगर त्यामानानं स्वस्त, पण अर्धा डोंगर बंद म्हणून अर्धं तिकीट, असं मी तरी कुठं ऐकलं नाही.

मी तक्रार लिहिली. उत्तर आलं, गोड. 'रेसिंग हा आमच्या संस्कृतीचा भाग आहे, आणि लवकर सुरू होणाऱ्या हंगामाचं श्रेय बऱ्याच अंशी त्यालाच आहे.' यातला दुसरा भाग अगदीच खोटा नाही, म्हणून तो जास्त झोंबला. इथल्याच कॉपर माउंटन रिसॉर्टचं उदाहरण जगजाहीर आहे. २०११ मध्ये तिथं अमेरिकेच्या संघासाठी स्पीड सेंटर, म्हणजे वेगवान शर्यतींच्या सरावाचं केंद्र, झालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच डाउनहिलचा पूर्ण लांबीचा उतार तयार करायचा म्हणून तिथं बर्फाच्या तोफांची मोठी फौज उभी केली. नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, सगळे तिथं सरावाला येतात, कारण आल्प्समधल्या हिमनद्या झिजत चालल्यात आणि तिथलं शरदातलं हवामान बेभरवशाचं झालंय. त्यानंतर काही दिवसांनी बीव्हर क्रीकला डाउनहिलचा वर्ल्ड कप असतोच. म्हणजे अर्थकारण कळतंय मला, मी काही दूधखुळी नाही. रेसिंगचा पैसा येतो, त्यातून तोफा येतात, त्यातून थोडा बर्फ आमच्याही वाट्याला येतो. मग हेच स्पष्ट लिहा ना जाहिरातीत! 'नोव्हेंबरमध्ये हा डोंगर मुख्यतः संघांचा आहे, उरलेल्या पट्टीवर तुमचं स्वागत, तिकीट निम्म्या किमतीत.' मी त्या भावात आनंदानं येईन. जाहिरातीत मात्र रिकाम्या, रुंद उतारावरून हसत जाणारं कुटुंब दाखवायचं, आणि तो उतार नेमका दोरापलीकडचा.

आणि ही जमीन कुणाची? इथले बहुतेक मोठे स्की डोंगर कंपन्यांच्या मालकीचे नाहीतच. व्हेल, ब्रेकेनरिज, कीस्टोन, कॉपर, सगळे व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टच्या जमिनीवर, म्हणजे सरकारी जंगलात, जनतेच्या मालकीच्या डोंगरावर उभे आहेत. १९८६ च्या कायद्यानं फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे सरकारी वनखातं, त्यांना ४० वर्षांपर्यंतचा परवाना देऊ शकते. बदल्यात १९९६ पासून भाडं ठरलंय: उत्पन्नाच्या दीड ते चार टक्के. दीड ते चार! तोफांतून उडवलेलं पाणीसुद्धा इथल्याच ओढ्यानद्यांतलं, जे पुढं कोलोरॅडो नदीला मिळतं. डोंगर सरकारी, पाणी नदीचं, पास आमचा, आणि वर गेल्यावर आम्हीच उपरे? परवाना देणाऱ्या खात्यानं एक साधी अट घातली असती, की जनतेसाठीचा उतार खासगी वापराला दिला तर ते आधी जाहीर करा, तर माझा निम्मा राग इथंच संपला असता.

मुलांवर राग नाही माझा, हे चार वेळा सांगावं लागतं म्हणून पुन्हा सांगते. कडाक्याच्या थंडीत पातळ रेस सूट घालून थडथडत उभी असतात बिचारी. राग येतो तो त्यांच्या वेगळ्या रांगेचा. आम्ही वीस मिनिटं रांगेत, आणि क्लबचं जॅकेट घातलेलं टोळकं बाजूच्या फाटकातून सरळ खुर्चीवर. आणि हे क्लब कुणासाठी असतात ते बघा जरा. वर्षाला हजारो डॉलर फी, चार जोड्या स्की, मेण लावायला वेगळा माणूस, शर्यतीच्या गावी हॉटेल. सार्वजनिक डोंगराचा सर्वांत चांगला तुकडा सर्वांत चांगल्या वेळेला मिळतो तो ज्यांना हे परवडतं त्यांच्या पोरांना. मागं एका पालकानं मला लिफ्टवर ऐकवलं, 'ऑलिंपिकपटू असेच घडतात.' अहो, ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी आपली लिंडसी व्हॉन घडली ती मिनेसोटातल्या बक हिलवर! तीनेकशे फूट उंचीची टेकडी ती, हायवेला लागून. रात्री दिव्याच्या उजेडात, दोरीच्या लिफ्टला धरून वर जायचं आणि पुन्हा खाली. गेटांतून वळायला शिकायला चिकाटी लागते, अख्खा डोंगर लागत नाही. डाउनहिलला लागतो, कबूल, पण या डोंगरावर रोज सकाळी गेटं लागतात ती दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या स्लॅलमची, म्हणजे जवळजवळच्या गेटांतून वळत जायच्या शर्यतीची.

उपाय नाही असंही नाही, म्हणून तर जास्त संताप होतो. व्हेलला गोल्डन पीकवर क्लबनं देणग्या गोळा करून, फॉरेस्ट सर्व्हिसची परवानगी घेऊन सरावासाठी वेगळा भाग वाढवून घेतला. झाडं तोडली गेली, त्याबद्दल वाद घालता येईल, पण निदान लोकांच्या पायाखालचा उतार तरी ओढून घेतला नाही. ते जमत नसेल तर सूर्य उगवता उगवता सराव सुरू करा आणि दहाच्या आत गेटं उपटा. तेही नको? निदान अर्धी रुंदी सोडा, मधे जाळी लावा. आमच्याकडे 'दुपारनंतर खुला' म्हणून जो उतार मिळतो तो कसा असतो माहितीये? रेसिंगसाठी बर्फात पाणी भरून तो मुद्दाम दगडासारखा घट्ट करतात, आणि त्यावर गेटांभोवती मुलांनी खोल चऱ्या पाडलेल्या असतात. रात्री मशीन फिरेपर्यंत तो तसाच राहतो. त्यावरून नवशिक्याला पाठवणं म्हणजे हाड मोडायला पाठवणं. पण ॲपवर? हिरवा ठिपका.

युरोपात बरं चाललंय असंही कुणी समजू नये. झुरिचच्या मैत्रिणीला फोन करून मी रडगाणं गायले, तर ती म्हणाली, 'बाई, सास-फेला शरदात येऊन बघ, हिमनदीवर माणसांपेक्षा गेटं जास्त.' स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या झरमॅट-चेर्विनियाच्या डाउनहिलसाठी तर २०२३ मध्ये थेओडुल हिमनदीवर जेसीबी लावून खणलं, परवानगीच्या हद्दीबाहेर खणलं म्हणून काम थांबवायची वेळ आली, आणि शर्यती? २०२२ मध्येही झाल्या नाहीत, २०२३ मध्येही नाहीत. हिमनदी खरवडली ती खरवडलीच.

आता एप्रिल लागलाय आणि पास नूतनीकरणाचे ईमेल सुरू झालेत. 'किंमत वाढण्यापूर्वी त्वरा करा', दर तीन दिवसांनी एक. कालच्याला मी उत्तर धाडलंय. येत्या नोव्हेंबरचं सरावाचं वेळापत्रक, क्लबवाल्यांना पाठवता ते रंगीत, तसंच मला पाठवा. कार्डचा नंबर त्यानंतर देते. समोरून आपोआप उत्तर आलं की या पत्त्यावर आलेले ईमेल वाचले जात नाहीत, म्हणून आज तेच पत्र छापून पाकिटात घातलंय, एक प्रत रिसॉर्टला आणि एक फॉरेस्ट सर्व्हिसच्या कचेरीला.