बरं, मग थोडक्यात सांगतो

गाडी चालवताना फोन उचलायचा नाही असं मी ठरवलंय. त्यात माझा मोठेपणा काही नाही, मला ते जमतच नाही. खांदा आणि कान यांच्यामधे फोन दाबून वाकड्या मानेनं पोवई नाक्यावरनं राजवाड्यापर्यंत जायचं ही आमच्या साताऱ्यातली कला आहे आणि ती अंगातच असावी लागते. आमच्या गल्लीतला दूधवाला बघा, दोन्ही बाजूला कॅन, मान उजव्या खांद्यावर, फोनवर म्हशीच्या डॉक्टरशी चर्चा, पायानं गिअर, आणि एवढ्यात मी दिसलो तर भुवईनं रामराम पण घालतो. त्याची मान आता फोन नसला तरी तशीच असते. बायकांची पद्धत अजून भारी, स्कार्फ असा काय आवळतात की फोन कानापाशी चिणूनच जातो आणि समोरनं येणाऱ्याला कळत नाही की ही बाई आपल्याला का एवढं झापतीय. आणि साताऱ्यात कॉलेजचं पोरगं स्वतःहून हेल्मेट घालून दिसलं की समजायचं, आत फोन खोचलाय.

कायदा म्हणाल तर तो आहे की. मोटार वाहन कायदा 1988 चा, 2019 ला त्यात दुरुस्ती झाली आणि कलम 184, म्हणजे धोकादायक गाडी चालवण्याचं कलम, त्यात सिग्नल तोडणारे आणि उलट्या दिशेनं घुसणारे जिथं बसलेत त्याच पंगतीला हातात फोन धरणाऱ्याला पण बसवलं. पहिल्यांदा सापडलात तर 1000 ते 5000 दंड नाहीतर सहा महिने ते वर्षभर आत, नाहीतर दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत परत सापडलात तर 10000. आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून जागेवर भरायचा आकडा दुचाकीला 1000 आणि चारचाकीला 2000 असा ठरला. सगळं चांगलंय, माझी काही तक्रार नाही, फक्त एवढा कायदा लिहिताना एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही की फोन उचलणाऱ्याला दंड लावला, पण करणाऱ्याचं काय?

आमचे मामा कोरेगाव तालुक्यात असतात, आल्याची शेती आहे, आणि आल्याला दर नसला की त्यांच्याकडं वेळच वेळ असतो. मामांचा फोन ही काय चीज आहे ते सांगतो. मी पावसाचा चाललोय, अंगावर रेनकोट, वर हेल्मेट, रेनकोटच्या पँटच्या आत पँट, त्या पँटच्या खिशात फोन, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. वाजला. आता नियमानं गाडी बाजूला घ्यायची, पण साताऱ्यात गाडी घ्यायला बाजू कुठाय हे मला कुणीतरी दाखवा. ग्रेड सेपरेटरमधे, म्हणजे नाक्याखालच्या भुयारी रस्त्यात, थांबता येत नाही, राजपथावर ज्या दुकानापुढं थांबाल तो आतनं हात करणार की पुढं घ्या, पुढं घ्या, आणि पुढं घेतली की तिथं वडापावची गाडी. शेवटी कुठंतरी गटाराच्या कडेला स्टँड लावायचा, हेल्मेट काढायचं, रेनकोट वर करायचा, रबर सोडायचा (तो उडून गटारात जातो), तोवर रिंग बंद. आपण लावावा तर एंगेज, कारण मामा पण लावतायत. आपण थांबावं तर मामा पण थांबतात. मग म्हणलं मरूदे, सगळं परत चढवलं, गाडी रस्त्याला लागली, की वाजला.

कधीतरी योग जुळतो आणि लागतो फोन.

"कुठंयस?"

"रस्त्यात आहे मामा, गाडी बाजूला घेतलीय."

"बरं बरं. मग थोडक्यात सांगतो."

हे 'थोडक्यात' म्हणजे आल्याची लागण कधी केली इथनं सुरुवात. मग कंद कुजला, मग औषधवाल्यानं कसं फसवलं, मग त्या औषधवाल्याचा सासरा आपल्या लांबच्या नात्यातला कसा निघाला, आणि अगदी शेवटी, पाणी माझ्या कॉलरमधनं पार आत पोचल्यावर, "आरं तसं काय काम नव्हतं, मामींचा स्टीलचा डबा राहिलाय का तुमच्याकडं?"

बरं न उचलावा तर त्याहून वाईट. मागं एकदा मी यवतेश्वर घाट चढत होतो, घाटात धुकं, खाली दरी, कोण फोन काढतंय. मामांनी तीनचारदा लावला असेल, मी काही घेतला नाही. तर मामांनी बायकोला लावला, बायकोनं मला, मग बायकोनं माझ्या मित्राला, मित्रानं दुसऱ्या मित्राला, आईनं देवापुढं दिवा लावला, आणि आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं एरवी फुलांचे फोटो आणि सुप्रभात यापलीकडं काही येत नाही, तिथं मेसेज की 'कुणाचा कॉन्टॅक्ट झाला का?' खाली हात जोडलेल्यांची ही रांग. मी वर जाऊन भजी खाऊन, गरम चहा पिऊन फोन बघतो तर एवढे मिस कॉल की मला वाटलं खरंच कोणतरी गेलं. गेलं कोण तर मीच! घरी आलो तर शेजारच्या काकू पायरीवर बसलेल्या, मला धडधाकट बघून त्यांचा थोडा हिरमोडच झाला असं मला आजही वाटतं.

मी मामांना समजावून बघितलंय. म्हणलं मामा, जागतिक आरोग्य संघटना सांगती की गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याला अपघाताचा धोका चौपट. मामा म्हणाले, "आरं मग तू गाडी हळू चालव, मी पण हळू बोलतो." म्हणलं बोलायचं सोडा, नुसतं कुणाचा फोन आहे एवढं बघायला तीन सेकंद मान खाली घातली आणि गाडी साठनं चालली असली तर पन्नास मीटर गाडी आंधळीच जाती. त्यावर मामा म्हणाले, "बघायचं कशाला, माझाच असतोय की." याला उत्तर नाही.

चुलतभाऊ इंग्लंडला असतो. तिकडं हातात फोन धरायला 2003 पासूनच बंदी आहे, आता तर 200 पाउंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे 6 पॉइंट, आणि लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर 6 पॉइंटला लायसन्सच गेलं. सिग्नलला गाडी उभी आहे म्हणून बघितला तरी तेच. 2022 पासून गाणं बदलायला जरी हातात घेतला तरी धरतात. त्यामुळं तो बिचारा गाडीत असला की फोन घेतच नाही. आणि आमच्या घरात यावर निकाल काय लागलाय तर, "तिकडं गेल्यापासनं पोरगं बदललं. माणसं नकोशी झाली त्याला."

आता तुम्ही म्हणाल ब्लूटूथ घ्या. घेतलं होतं. कायद्यात शब्द 'हातात धरलेला' असा आहे त्यामुळं आपले लोक कान, खांदा, स्कार्फ, हेल्मेट, सगळीकडं धरतात आणि वर म्हणतात हात तर मोकळे आहेत. पण हात मोकळे असून काय करायचं, डोकं कोरेगावला आल्याच्या वाफ्यात असतंय. माझा एक मित्र ब्लूटूथवर बायकोशी भांडत घरी निघाला तो गोडोली सोडून, हायवेला लागून, नागठाण्यापर्यंत गेला. सिग्नल पाळले, वेग बरोबर, हात हँडलवर. फक्त घर मागं राहिलं. मी विकलं ते ब्लूटूथ, त्यालाच.

पळवाटा काढण्यात मात्र आपला हात कोण धरणार नाही. केंद्रानं 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमात एक सवलत दिलीय की रस्ता शोधायला, म्हणजे मॅप बघायला, आणि फक्त तेवढ्यालाच, फोन वापरला तर चालतो, लक्ष विचलित होऊ न देता. हे कळल्यापासनं सातारकर एकाएकी रस्ते विसरलेत. परवा नाक्यावर माझ्यादेखत एका काकांना हवालदारानं अडवलं, फोन हातात. काका म्हणाले मॅप बघत होतो.

"कुठं निघालाय?"

"राजवाड्यावर."

"राहायला कुठं?"

"मंगळवार पेठ."

"आणि राजवाड्याला मॅप लागतोय व्हय?"

काका डगमगले नाहीत. "वन वे बदलत्यात की ओ तुम्ही सारखं!" म्हणाले. बघ्यांतल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या, हवालदार पण क्षणभर विचारात पडला, आणि मग त्यानं शांतपणे फोन वर करून नंबर प्लेटचा फोटो मारला.

आमच्या घरी पळवाट बायकोनं काढली. मागं बसल्यावर फोन तिच्याकडं द्यायचा, वाजला की ती उचलणार, आणि मागनं हात पुढं घालून माझ्या हेल्मेटच्या काचेतनं कानाशी धरणार. मी म्हणलं हे कायद्यात बसत नाही, ती म्हणाली तू कुठं धरलायस, मी धरलाय. म्हणजे फोन तिच्या हातात, कान माझा, गाडी माझी, बोलणं मामांचं. कायद्याच्या दृष्टीनं यात गुन्हेगार कोण? मी उत्तर द्यायचो नाही, नुसतं "हं" म्हणायचो, मामांना तेवढं पुरतं.

आणि असंच एका संध्याकाळी 'कंद कुजला'पर्यंत आलो होतो की चौकात शिट्टी. गाडी बाजूला घेतली. बायकोनं हात काढला नाही, ती तत्त्वाची आहे. साहेब समोर येऊन उभे राहिले, फोन बघितला, तिचा हात बघितला, माझा कान बघितला. बायको म्हणाली, "साहेब, फोन मी धरलाय, मी गाडी चालवत नाही, त्यांनी फोन धरला नाही, ते गाडी चालवतायत. कलम सांगा." साहेबांनी खरंच विचार केला, मनापासनं केला, टोपी काढून डोकं पण खाजवलं.

मग म्हणाले, "ते असू दे. वहिनींचं हेल्मेट कुठाय?"

आम्ही दोघं गप्प. पण फोन चालूच होता. आतनं आवाज आला, "कोण हाय रं? पोलिस? दे त्यांच्याकडं, मी बोलतो."

साहेब आधी नको नको म्हणाले, मग घेतला. फुटपाथवर उभे होते, त्यांना कायदा लागू नव्हता. "कोण बोलतंय? कोरेगाव? कोरेगावात कुठं?" एवढं म्हणले आणि त्यांचा चेहरा असा काय उजळला की मी ओळखलं. त्यांचं पण एकरभर आलं होतं. मामा म्हणत होते मग थोडक्यात सांगतो. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, बायको पेढे घ्यायला गेली आणि घेऊन आली, तरी कंद कुजण्यावर कुठलं औषध मारायचं ते चाललंच होतं. शेवटी फोन परत देताना त्यांनी औषधाचं नाव माझ्याच पेनानं तळहातावर लिहून घेतलं, पेन खिशाला लावला आणि म्हणाले, "माणूस चांगलाय तुमचा मामा. हेल्मेटची पावती मोबाईलवर येईल."