'पहिली' हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही

नमस्कार ताई,

पेशावरच्या कथाकार झैतून बानोंवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी त्यांना पश्तोतली, म्हणजे पठाणांच्या भाषेतली, 'पहिली लेखिका' ठरवून मोकळा झालो, पण पठाण बायका शेकडो वर्षं कविता रचताहेत, आणि ज्याला पश्तो येत नाही, त्याने असे शिक्के मारू नयेत.

पहिला मुद्दा मान्य. त्यांचा किताब 'खातून-ए-अव्वल', म्हणजे पहिली स्त्री, असा असला, तरी तो पश्तो कथेपुरता. शीर्षक आखूड करायच्या नादात 'कथा' हा शब्द मीच गाळला. आज दुरुस्त केलाय.

तुमच्या उदाहरणांपैकी जुन्या कवयित्री नाझो अनांच्या बाबतीत मात्र मी जरा जपून बोलेन. त्या कंदाहारचा पठाण सत्ताधीश मीरवाइस होतकच्या आई, हे ठीक. पण त्यांची कविता आपल्यापर्यंत येते ती 'पटा खजाना' या जुन्या पश्तो कवींवरच्या ग्रंथातून. तो काबूलमध्ये छापला गेला 1944 साली, आणि त्याच्या अस्सलपणावरून अभ्यासकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

लंडईचा, म्हणजे पश्तोतल्या दोन ओळींच्या लोककवितेचा, दाखला त्याहून कितीतरी भक्कम. पहिल्या ओळीत 9 अक्षरं, दुसरीत 13, खेळ खलास. पेशावरकडे हिलाच टप्पा म्हणतात (आपल्या गाण्यातला टप्पा तो वेगळा). एवढ्याशा जागेत बाई म्हाताऱ्या नवऱ्याची खिल्ली उडवते, प्रियकराला बोलावते, लढाईतून पळून आलेल्याला तोंडावर सुनावते. पण कोणती बाई? ते कुणालाच सांगता येत नाही. सय्यद बहाउद्दीन मजरूह या अफगाण कवीने बायकांच्या लंडया गोळा केल्या. 1988 मध्ये पेशावरात त्यांचा खून झाला. त्यांच्या संग्रहातही रचणाऱ्या बायका निनावीच आहेत. नाव नाही म्हणूनच तर एवढं बोलता येतं. कुणी हटकलं तर 'जुनंच आहे, सगळ्या म्हणतात' असं सांगून सुटता येतं.

ही सोय बानोंनी सोडली. 1938 साली पेशावरजवळच्या सफेद ढेरीतल्या पीर घराण्यात जन्मलेली मुलगी 1958 मध्ये 'हिंदारा', म्हणजे आरसा, ही कथा स्वतःच्या नावाने छापते. आजोबा कवी होते, घरात पुस्तकं होती, हे खरंच. पण घरातल्या बाईचं नाव चारचौघांत घेणंही जिथे खटकतं, तिथे ते छापायचं आणि त्याखाली त्याच घरांतल्या बायकांच्या गोष्टी सांगायच्या! पुढे त्या पेशावर रेडिओवर निर्मात्या झाल्या, 1996 मध्ये सरकारी सन्मानही मिळाला. 2021 मध्ये त्या गेल्या. मला अप्रूप आहे ते त्या छापील नावाचं, आणि ते अजूनही तितकंच आहे.

पश्तोबद्दल : येत नाही, कबूल. पण बानोंनी उर्दूतही कथा लिहिल्या आणि उर्दू मला वाचता येतं, म्हणजे सगळंच उसनं नाही. शिवाय काही शब्द आपणहून घरचे निघतात. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव 'मात बंगडी'. यातली बंगडी म्हणजे आपली बांगडीच, आणि मात म्हणजे फुटलेली. आपल्याकडे बांगडी कधी 'फुटत' नाही, ती 'वाढवते'. माझी आजी तर 'फुटली' म्हटलं की टपली मारायची. बानोंनी फुटली ती फुटलीच म्हटलं.

त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव आहे 'मंजीला'. शोधाशोध करून अर्थ सापडला तेव्हा हसूच आलं : डोक्यावर घागर ठेवण्याआधी कापडाचा पिळा गोल वळून ठेवतात ना, ती चुंबळ! कवितेच्या पुस्तकाला चुंबळ हे नाव. मराठीत कुणाला सुचलं असतं तर मी हेवा केला असता.

तुम्ही पश्तो शिकलाय असं लिहिलंय. मग 'मंजीला'तली एखादी कविता उच्चारासकट देवनागरीत लिहून, खाली अर्थ देऊन पाठवाल का? वाद मग तिच्यावरच घालू.