सॅन हुआनच्या जुन्या नकाशांविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कोलोरॅडोतल्या सॅन हुआन पर्वतातल्या खाणपट्ट्याच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवर मी लिहिलेला लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हे नकाशे म्हणजे यूट आदिवासींची जमीन बळकावण्याचं हत्यार, त्यांच्या रेषांचं कौतुक करणं म्हणजे त्या लुटीवर पांघरूण घालणं. उपग्रह आणि लायडार (विमानातून लेसर टाकून जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं तंत्र) हाताशी असताना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कागद कुणाच्या उपयोगाचे? आणि आपल्या गोव्यात डोंगर पोखरले गेले असताना मराठी वाचकाला कोलोरॅडो कशाला? तिन्ही प्रश्न मनापासून विचारलेले आहेत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहीत आहे.

जमीन लुटली गेली, यावर आपल्यात दुमत नाही. पण घटनांचा क्रम बघा. १८६८ च्या करारानं हा मुलूख यूटांचा म्हणून राखून ठेवला होता. तरीही सोनं-चांदी शोधणारे आत घुसत राहिले, आणि त्यांना बाहेर काढण्याऐवजी सरकारनं यूटांनाच मागे सरकवलं. सप्टेंबर १८७३ च्या ब्रुनो करारात सुमारे ३७ लाख एकर जमीन वर्षाला २५,००० डॉलरच्या बोलीवर गेली. एप्रिल १८७४ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, तो मंजूर केला आणि त्याच उन्हाळ्यात भूवैज्ञानिक फर्डिनंड हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षणाची तुकडी सॅन हुआनमध्ये शिरली. कोलोरॅडोचा त्यांचा ॲटलास १८७७ मध्ये छापून आला. म्हणजे आधी घुसखोर, मग करार, मग नकाशा. त्या ॲटलासमध्ये शेतजमीन, कुरणं, जंगल, कोळसा आणि सोन्या-चांदीचे पट्टे दाखवणारं एक वेगळं पत्रक आहे, आणि ते कुणासाठी होतं हे सांगायला नको. अनकंपाग्रे या शिखराचं नाव यूटांच्या भाषेतलं आहे. १८८१ मध्ये अनकंपाग्रे यूटांनाच शेजारच्या युटा प्रांतात हाकलून दिलं गेलं. नाव तेवढं नकाशावर राहिलं. हे सगळं मला मान्य आहे, आणि ते मला कळतं तेही याच कागदांमुळे. अतिक्रमण करणाऱ्यानंच लिहिलेली नोंद त्याच्याविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा ठरते. ती बाजूला सारली तर फायदा लुटणाऱ्याचाच होतो.

मी कौतुक केलं ते कामाचं. हेडन यांच्या तुकडीतल्या ए. डी. विल्सन आणि फ्रँकलिन ऱ्होडा यांनी त्या एका उन्हाळ्यात एकामागून एक शिखर चढून कोन मोजले. वादळात शिखरावर उभं असताना हवेतली वीज केसांतून आणि उपकरणांतून तडतडायला लागायची, तरी मोजमाप पुरं झाल्याशिवाय ते खाली उतरायला तयार नसत. इंचाला ४ मैल या प्रमाणावर, २०० फुटांच्या समोच्च रेषांनी (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांनी) त्यांनी तो पर्वत कागदावर आणला. त्या मेहनतीबद्दल मला आदर वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

आता उपयोगाचं. तुमचा हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

५ ऑगस्ट २०१५ रोजी सिल्व्हरटन गावाच्या वर, गोल्ड किंग नावाच्या बंद खाणीचं ढासळलेलं तोंड उकरताना आत तुंबलेलं पाणी फुटलं. काम अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या देखरेखीखाली चाललं होतं. सुमारे १ कोटी १३ लाख लिटर आम्लधर्मी, धातूंनी भरलेलं पाणी सिमेंट क्रीकमधून ॲनिमस नदीत गेलं आणि नदी पिवळी-नारिंगी झाली. ते पुढे सॅन हुआन नदीत, नाव्हाहो लोकांच्या प्रदेशात पोचलं. तिथं शेतीला नदीचं पाणी देणं थांबवावं लागलं. कारण साधं आहे. डोंगरातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, आणि ते आम्ल जस्त, तांबं, कॅडमियम विरघळवून बाहेर आणतं. प्रत्येक जुना बोगदा ही हवा-पाण्याला आत जायची वाट.

मग नदी स्वच्छ करायची ठरवली, तर किती स्वच्छ? मुळात ती कशी होती, हे कोण सांगणार? इथं १८७४ कडे परत जावं लागतं. खाणकाम तेव्हा जेमतेम सुरू झालं होतं. तरी ऱ्होडा यांनी अहवालात नोंदवलं की सिमेंट क्रीकचं पाणी खनिजांमुळे पिण्यालायक नाही. याचा अर्थ त्या ओढ्याचा काही खारटपणा-आंबटपणा डोंगराचा स्वतःचा आहे आणि त्यावर खाणींनी भर घातली. खाणींचा दोष यानं कमी होत नाही. पण सफाईचं उद्दिष्ट ठरवणाऱ्याला ही एक नोंद फार मोलाची आहे. लायडार आजचा उतार अगदी अचूक दाखवील, १८७४ चं पाणी त्याला दाखवता येणार नाही.

पुढचा टप्पा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं सिल्व्हरटनचं नकाशा-पत्रक १:६२,५०० प्रमाणाचं आहे, आणि त्याच भागाचा भूवैज्ञानिक नकाशांचा संच १९०५ मध्ये निघाला. नंतर १९५० च्या दशकात १:२४,००० ची पत्रकं आली. त्यांच्यावर छोटी चिन्हं दिसतात : चाचपणीच्या खड्ड्याला फुली, खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीला अर्धा काळा चौकोन, आडव्या बोगद्याच्या तोंडाला इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण. ही चिन्हं शोभेची नाहीत. तोंडं ढासळतात, वर गवत उगवतं, कंपन्या बुडतात, कागदपत्रं हरवतात. म्हणून याच विभागानं जुन्या पत्रकांवरची खाणींची चिन्हं एकेक करून संगणकावर उतरवण्याचं काम हाती घेतलं. १८८४ पासूनची पावणेदोन लाखांहून अधिक जुनी पत्रकं त्यांनी स्कॅन करून फुकट खुली केली आहेत. आज कुणीही घरी बसून ती उतरवून घेऊ शकतो.

लेक एमाचं उदाहरण मूळ लेखात राहून गेलं होतं, ते इथं देते. सनीसाइड खोऱ्यातलं हे तळं जुन्या पत्रकांवर आहे. आज ते अस्तित्वात नाही. त्याच्या खाली खाण इतकी वर सरकली होती की ४ जून १९७८ रोजी तळ्याचा तळ फाटला आणि अख्खं तळं खाणीत उतरलं. रविवार होता, आत कुणी नव्हतं. हे पाणी बाहेर पडलं ते डोंगराच्या पलीकडे, ग्लॅडस्टन इथं, अमेरिकन टनेल या बोगद्यातून. नकाशावर दोन पाणलोटांमधली (दोन ओढ्यांकडे पाणी वाहून जाणाऱ्या क्षेत्रांमधली) कड शोधा : तळं युरेका गल्चच्या पाणलोटात, बोगद्याचं तोंड सिमेंट क्रीकच्या पाणलोटात. समोच्च रेषांप्रमाणे हे पाणी कधीच तिकडे जाऊ शकत नाही. पण खाणीनं पाणलोटाची कड खालून फोडलेली होती. पुढे १९९६ पासून अमेरिकन टनेलमध्ये काँक्रीटचे बांध घातले गेले, डोंगरातली पाण्याची पातळी चढली, आणि शेजारच्या जुन्या बोगद्यांतून पाणी वाहू लागलं, असं बरेच अभ्यासक मानतात. गोल्ड किंग त्यांपैकीच. ही साखळी एका पत्रकावरून कळत नाही. वेगवेगळ्या काळांची पत्रकं आणि त्यांच्या जोडीला खाणींचे भूमिगत आराखडे लागतात. नुसता जमिनीवरचा नकाशा इथं अपुरा पडतो, हा तुमच्या आक्षेपातला भाग मी पूर्ण स्वीकारते. २०१६ मध्ये या परिसरातली ४८ ठिकाणं सफाईच्या राष्ट्रीय यादीत आली, आणि ते काम अजून चालू आहे.

राहिला गोवा. हा प्रश्न मलाही बोचतो. पोर्तुगीज काळातल्या खाण-सवलती (खाणी चालवायचे परवाने), १९८७ च्या कायद्यानं त्यांचे झालेले भाडेपट्टे, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवलेलं खाणकाम, पावसात शेतात उतरणारी लाल माती, यावर मराठीत आणि कोकणीत खूप लिहिलं गेलंय. पण डोंगर मुळात किती उंच होता, झरा कुठं होता, ओढा कुठून वळायचा, हे दाखवायला जुनं टोपोशीटच, म्हणजे स्थलदर्शक नकाशाचं पत्रकच, लागतं, आणि तेच आपल्याकडे सहज मिळत नाही. किनारपट्टी आणि सीमाभागाची पत्रकं कित्येक दशकं निर्बंधित होती. २००५ चं राष्ट्रीय नकाशा धोरण आणि फेब्रुवारी २०२१ ची नकाशांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं यांनी बरंच मोकळं केलं, तरी सगळ्या जुन्या आवृत्त्या एका जागी, तारखेसह, फुकट पाहता येतील अशी सोय आपल्याकडे हवी आहे. कोलोरॅडोबद्दल लिहिलं ते म्हणूनच. तिथं हे करून दाखवलेलं आहे, आणि मागायचं तर नेमकं काय मागायचं ते त्यावरून कळतं.

तुम्ही गोव्याचे आहात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. डिचोली, सत्तरी, सांगे किंवा केपे तालुक्याची, खाणी पसरण्याआधीची पत्रकं कुठल्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या भूगोल विभागात बघायला मिळतात हे ठाऊक असेल, तर इथंच खाली लिहा. पुढचा लेख त्यांच्यावरच लिहायचा आहे, आणि तो छापण्याआधी तुम्ही वाचावा अशी माझी इच्छा आहे.