घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर गोव्यातल्या अनेकांनी वाचला असेल. त्याचा सारांश असा: ‘घोरणं ही गाढ झोपेची खूण. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) फक्त जाड माणसांना होतो. निजताना ओठांना टेप लावा, घोटभर फेणी घ्या, घसा मोकळा राहतो. मशीन लावलं तर फुफ्फुसं आळशी होतात आणि ते जन्मभर सुटत नाही.’ यातलं एकही विधान टिकत नाही. टेप आणि फेणीचा सल्ला तर धोकादायक आहे.

आधी घोरणं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि अरुंद वाटेतून जाणारी हवा पडजिभेला थरथरवते. नुसतं घोरणं इथवरच थांबतं. ॲप्नियात ही वाट मिटते आणि श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठा हुंदका येतो आणि पुन्हा घोरणं सुरू. श्वास अडण्याचे किंवा बराच घटण्याचे प्रकार तासाला 5 ते 15 असतील तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. 30 म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा. सकाळी यातलं काही आठवत नाही. उरतं ते कोरडं तोंड, जड डोकं, दुपारची पेंग आणि तीन-तीन गोळ्यांनाही न जुमानणारा रक्तदाब. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागलं की दोष मधुमेहाला किंवा प्रोस्टेटला दिला जातो. पण मिटलेल्या घशातून हवा ओढताना छातीतला दाब घटतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं, हे कारणही तपासायला हवं.

‘फक्त जाड माणसांना’ यात अर्धंच सत्य आहे. वजन हे मोठं कारण खरंच, आणि 10 टक्के वजन उतरलं तरी श्वास अडणं बरंच कमी होतं. पण लहान, मागे गेलेला जबडा असलेल्या सडपातळ माणसालाही हा आजार होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये तो वाढतो, आणि त्यांची तक्रार बहुधा घोरण्याची नसून थकव्याची, झोप न लागण्याची असते. मुलांत कारण सहसा वाढलेले टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी). मूल तोंडाने श्वास घेतं, अंथरूण ओलं करतं, दिवसा चंचल राहतं आणि ओरडा खातं. त्याला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

फेणी असो की उन्हाळ्यातला हुर्राक, दारूने झोप लवकर लागते हे खरं. पण जीभ पुढे धरून ठेवणारा स्नायू तिने आणखी ढिला पडतो आणि मेंदू उशिरा जागा होतो, म्हणून अडलेला श्वास जास्त लांबतो. काही झोपेच्या गोळ्यांचंही असंच. टेपने ओठ मिटतात, जिभेमागची वाट उघडत नाही. नाक चोंदलेलं असेल तर हवेला दुसरा रस्ताच उरत नाही, आणि प्यायलेल्या माणसाला टेपखाली उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

आता मशीन, म्हणजे नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप, कारण लोक सर्वात जास्त घाबरतात ते याला. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. सीपॅप तुमच्यासाठी श्वास घेत नाही. साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाची हवा देऊन ते घसा मिटू देत नाही, एवढंच. छाती आपलं काम करतच राहते, म्हणून फुफ्फुसं आळशी होण्याचा प्रश्नच नाही. एक रात्र ते लावलं नाही तर त्रास परततो, कारण घसा तोच असतो. याला व्यसन म्हणत नाहीत. वजन बरंच उतरलं तर पुन्हा चाचणी करून मशीन बंदही करता येतं.

मशीन कोपऱ्यात पडतं ते बहुधा मास्कमुळे. हवा गळते म्हणून पट्टे आवळले की मास्कची उशी (चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) चुरगळते आणि गळती वाढते. आडवं होऊन, हवा सुरू ठेवून, मगच पट्टे जुळवा. खोलीत एसी असेल तर नळीत पाणी साचून गुडगुडतं. नळी पांघरुणाखाली घ्या, मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी मशीनची पाण्याची टाकी) एक पायरी उतरवा. टाकीत विहिरीचं पाणी नको, डिस्टिल्डच घाला. सकाळी टाकी रिकामी करून सुकवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. मास्कची उशी रोज सौम्य साबणाने धुवा, नळी आठवड्याला. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवताना पाणी तापवणं बंद ठेवा, बॅटरी जास्त टिकते. जुनं मशीन घेताना मॉडेल क्रमांक तपासा: आतला फोम झिजतो म्हणून फिलिप्सने 2021 मध्ये लाखो मशीन परत मागवली होती. आणि पहाटे तीनला मास्क काढून ठेवू नका. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते आणि अनेकांचा श्वास तेव्हाच सर्वाधिक अडतो.

सौम्य किंवा मध्यम आजारात दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारं साधन करून घेता येतं. उताणं झोपल्यावरच त्रास होत असेल तर कुशीवर झोपण्याने फरक पडतो.

निदानासाठी दिवसा बोटाला ऑक्सिमीटर लावून उपयोग नाही, तेव्हा आकडा चांगलाच दिसतो. घरच्यांनी रात्री दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा, घोरणं थांबून शांतता होते तो भाग त्यात हवा. गळ्याचा घेर मोजा, 40 सेंटिमीटरच्या वर असेल तर लिहून न्या. हे घेऊन छातीरोगतज्ज्ञांकडे किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) कान-नाक-घसा विभागात जा. घरी केलेली झोपेची चाचणी निर्दोष आली पण लक्षणं ठाम असतील तर झोपेच्या प्रयोगशाळेतली पूर्ण रात्रीची चाचणी मागा. टॅक्सी किंवा ट्रक चालवताना पेंग येत असेल तर उपचार लागू पडेपर्यंत स्टेअरिंगला हात लावू नका. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा आणि आपलं मशीन सोबत घेऊन जा.