‘तोंडाच्या कॅन्सरला चाकू लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज फिरतोय. कुणी आवाज रेकॉर्ड करून पाठवतं, कुणी टाइप करून. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो. तोंडाच्या कॅन्सरला चाकू लावू नका. तपासायला तुकडा काढला की तो पसरतो. ऑपरेशनमध्ये जीभ-जबडा काढून हातापायाचं मांस तोंडात शिवतात, ते सडतं आणि तो हात किंवा पायही जातो. माणूस पुढे बोलत नाही, खात नाही. एवढं करून आजार परत येतोच, त्यापेक्षा नुसता शेक, म्हणजे रेडिएशन, घ्या, झाडपाल्याचा लेप लावा.

अशा ऑपरेशननंतर लोकांना बोलायला आणि गिळायला पुन्हा शिकवणं हे माझं काम आहे. चाकू लागून गेल्यावर काय उरतं, ते मी रोज बघते. हा मेसेज ऐकून थांबलेली माणसंही शेवटी माझ्याकडेच येतात. ज्या ऑपरेशनला घाबरून ती थांबली, त्याहून कितीतरी मोठं ऑपरेशन तोवर झालेलं असतं.

‘तुकडा काढला की पसरतो.’ नाही. बायॉप्सीत जागा बधिर करून चट्ट्याच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. हा समज कुठून येतो तेही मला कळतं. तुकडा काढला, रिपोर्टला दिवस गेले, मग ‘अजून विचार करू’ म्हणत दोन महिने गेले, आणि तेवढ्यात मानेत गाठ लागली. घरच्यांच्या डोळ्यांसमोर तुकडा काढणं आणि गाठ येणं एकामागोमाग घडलं, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं वाटतं. खरं तर ते दोन महिने कॅन्सर आपल्या चालीने वाढत होता. दातामुळे झालेली जखम, बुरशीचा पांढरा थर आणि कॅन्सरची सुरुवात नुसत्या नजरेने खात्रीने वेगळी सांगता येत नाही. आणि मेसेज ज्या शेकाची शिफारस करतो, तोही बायॉप्सीच्या रिपोर्टशिवाय देत नाहीत. ‘कापल्यावर हवा लागते’ असंही काही जण जोडतात. तोंडातली गाठ पहिल्या दिवसापासून हवेतच असते, त्यामुळे तो मुद्दा इथेच सोडते.

‘नुसत्या शेकाने भागतं.’ यात दोन आजारांची सरमिसळ झाली आहे. स्वरयंत्राचा किंवा टॉन्सिलचा कॅन्सर अनेकदा ऑपरेशनशिवाय, रेडिएशनने किंवा सोबत केमो देऊन बरा होतो. त्यामुळे ओळखीतलं कुणी ‘चाकू न लावता’ बरं झालं असेल, तर ते खरं असू शकतं. पण जीभ, गाल, हिरडी आणि तोंडाचा तळ यांच्या कॅन्सरमध्ये गाठ काढता येण्यासारखी असेल तर पहिला उपचार ऑपरेशनच असतो. जबड्याचं हाड लगेच शेजारी असतं. पूर्ण ताकदीच्या रेडिएशनने त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि काहींमध्ये ते पुढे कुजतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाठ काढली तरच ती किती खोल गेली होती, कडा स्वच्छ आहेत का, मानेतल्या ग्रंथींत पेशी पोचल्यात का, हे तपासता येतं. गाठीची रुंदी जेवढी महत्त्वाची, तेवढीच तिची खोलीही. 5 मिलिमीटरपेक्षा खोल गेली की टप्पा बदलतो, 10 च्या पुढे गेली की आणखी बदलतो. लहान, उथळ गाठ पुरेशी कड सोडून काढली, तर पुष्कळांना नंतर रेडिएशन लागतच नाही.

मान ‘उगाच’ उघडतात, ही तक्रारही याच मेसेजच्या पोटात असते. टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा यावरचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या रुग्णांचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यातला होता आणि मानेत हाताला काही लागत नव्हतं. निम्म्यांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, उरलेल्यांच्या गाठ आली तरच. तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के लोक जिवंत होते, दुसऱ्यात 67.5 टक्के. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा काही काळ जड होतो, हात वर न्यायला व्यायाम लागतो. हे आकडे पाहिल्यावर तो त्रास मला पत्करण्यासारखा वाटतो.

आता ‘मांस शिवतात, ते सडतं’. याच वाक्याने माणसं सर्वांत जास्त घाबरतात, म्हणून इथे थोडी थांबते.

आधी हे, की प्रत्येकाला असं काही लागत नाही. लहान गाठीची जखम नुसत्या टाक्यांनी किंवा शेजारचीच त्वचा सरकवून बंद होते. मोठा भाग गेला की फ्लॅप लागतो. फ्लॅप म्हणजे कापडाला लावलेलं ठिगळ नव्हे. हातावरची किंवा मांडीवरची त्वचा तिच्या स्वतःच्या धमनी-शिरेसकट उचलतात आणि त्या दोन्ही मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. या वाहिन्या साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात आणि शिवायचा धागा केसाहून बारीक असतो. चिमटे सोडले की फिकट पडलेली त्वचा गुलाबी होते. मग पहिले दोन-तीन दिवस ती वरचेवर तपासतात, सुरुवातीला तर दर तासाला. फ्लॅप पांढरा आणि थंड पडला तर रक्त आत येत नाही. जांभळा झाला आणि टोचल्यावर काळपट रक्त आलं तर बाहेर पडत नाही. अशा वेळी लगेच पुन्हा थिएटरमध्ये नेतात आणि अनेक फ्लॅप वाचतात. अनुभवी टीमच्या हातात शंभरातले 95 किंवा त्याहून जास्त फ्लॅप जगतात. जे जगत नाहीत त्यांचं दुःख खरं आहे, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, हे मी लपवणार नाही. पण ‘सडला’ म्हणून घाबरून आलेले कितीतरी नातेवाईक मला असे भेटलेत, ज्यांच्या माणसाचा फ्लॅप उत्तम होता. बाहेरची त्वचा लाळेत भिजली की पांढुरकी, फुगल्यासारखी दिसते. तिच्यावर केसही उगवतात. बघायला विचित्र वाटतं, पण ती त्वचा जिवंत असते.

आणि हात-पाय? हातावरचा फ्लॅप घेण्याआधी मनगटाच्या दोन धमन्यांपैकी एकीवर पूर्ण हात गुलाबी राहतो का, हे तपासतात. तसा राहत नसेल तर त्या हाताला हात लावत नाहीत. हातावरची ही पद्धत चिनी सर्जननी 1981 मध्ये मांडली, मांडीवरची 1984 मध्ये. मांडीवर बहुतेक वेळा एक लांब रेघ उरते. जबड्यासाठी नडगीच्या बाजूचं बारीक हाड घेतात. शरीराचा भार जाड हाड पेलतं, आणि बारीक हाडाचा घोट्याजवळचा तुकडा मुद्दाम राखतात, म्हणून सांधा टिकतो. घोटा काही काळ आखडतो, पायाचा अंगठा वाकवायला जोर कमी पडतो. माणूस चालतो. त्या हाडाचे तुकडे करून जबड्याचा बाक घडवतात, प्लेटने बसवतात, आणि पुढे काही जणांना त्यात दातही रोवता येतात. ज्यांची तब्येत इतकं लांब ऑपरेशन सोसणार नाही, त्यांच्यासाठी छातीवरचा फ्लॅप आहे. तो मूळ रक्तवाहिनीला जोडलेलाच ठेवून वर फिरवतात.

‘बोलणं-खाणं कायमचं जातं.’ फ्लॅप हलत नाही आणि त्याला सहसा चव-स्पर्श कळत नाही. काम उरलेली जीभ करते. फ्लॅप तिला आधार आणि जाडी देतो, म्हणजे ती टाळूला पोचते. जिभेची एक बाजू गेलेल्या माणसाचं प, ब, म लगेच ऐकू येतं, कारण ते ओठांचे वर्ण आहेत. क, ग बहुतेकदा येतात. त, द, ट, ड घासून घ्यावे लागतात. र आणि ळ सर्वांत शेवटी येतात, काहींना नीट येतच नाहीत. तरी घरच्यांना आणि फोनवर समोरच्याला कळेल असं बोलणं यातल्या पुष्कळांना जमतं. पातळ अन्न देण्यासाठी नाकातून घातलेली नळी जखम भरली की बहुधा एक-दोन आठवड्यांत निघते. मग हनुवटी कुठे झुकवायची, घास कोणत्या बाजूला ठेवायचा, हे शिकवावं लागतं. श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक बहुतेकांचं तात्पुरतं असतं. संपूर्ण जीभ गेली तर मात्र चित्र वेगळं असतं. बोलणं फार अवघड होतं, खाणं पातळावर येऊ शकतं. पण संपूर्ण जीभ सुरुवातीच्या गाठीसाठी काढत नाहीत, वाढू दिलेल्या गाठीसाठी काढावी लागते.

‘परत येतोच.’ येतो हे खरं, पण त्यातला ‘च’ खोटा आहे. परत येणारे बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतात, म्हणून त्या काळात तपासण्या जवळजवळ असतात. ऑपरेशननंतर रेडिएशन सांगितलं असेल तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ‘आता गाठ निघाली, शेक कशाला’ म्हणून थांबणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण अवघड अर्धी वाट त्यांनी चालून झालेली असते. तंबाखू आणि सुपारी चालूच राहिली, तर त्याच तोंडात दुसरा कॅन्सर उगवायचा धोका राहतो. लेपाबद्दल एवढंच, की जहाल लेप वरचा थर जाळतात, गाठ खाली वाढत राहते.

ज्यांच्या तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे, त्यांनी ती दाखवावी. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय, त्यांनी सर्जनना विचारावं: गाठ किती खोल वाटते? फ्लॅप लागेल का, कुठला? तो अडला तर रात्री-अपरात्री कोण बघेल? बोलणं-गिळणं शिकवणारं कुणी टीममध्ये आहे का? आणि तोंड आत्ता किती मिलिमीटर उघडतं, ते मोजून कागदावर लिहून घ्या. नंतर व्यायाम घेताना मी पहिल्यांदा तोच आकडा मागते.