‘वीस रुपयांच्या वायरचे साडेअठराशे’ या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार द्यायचा तुमचा हक्क आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून जुन्या गाडीचा आणखी एखादा मालक चांगला पंप काढून भंगारात टाकेल, म्हणून फोन न करता इथंच लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आधीच्या मेकॅनिकनं फ्यूल पंप गेल्याचं सांगून साडेसहा हजारांचा अंदाज दिला होता. आम्ही पंप बदललाच नाही, एक वायर जोडली आणि १,८५० रुपये घेतले. त्यासाठी गाडी दोन दिवस अडकवून ठेवली. व्हिडिओत हेच काम पाच मिनिटांत होतं. आणि एवढं करूनही सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो.

आधी त्या मेकॅनिकबद्दल. त्याचा अंदाज काही वेडगळ नव्हता. तुमची २००५ ची सँट्रो किणी टोल नाक्याजवळून टो करून आली, तेव्हा तुम्ही सांगितलंत की गाडी अर्धा तास नीट चालते, मग मिसिंग मारते, बंद पडते आणि सावलीत तासभर थांबली की पुन्हा चालू होते. जुना पंप अगदी असाच वागतो. आतल्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की तापल्यावर ती अडकते, थंड झाली की पुन्हा फिरते. टाकीला खालून ठोकलं की गाडी चालू होते, हा हायवेवरचा जुगाड त्यातूनच आलाय. पण तापल्यावर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) गेला तरी गाडी अशीच बंद पडते. पंपाचा करंट चालू-बंद करणारा रिले गेला तरी, आणि वायरचा एखादा जॉइंट कच्चा असला तरीही. बाहेरून लक्षण एकच.

आता दोन दिवसांचं. आमच्याकडे आली तेव्हा गाडी थंड होती आणि पहिल्या सेल्फला चालू झाली. फॉल्ट समोर हजर नसताना जो सुटा भाग बदलतो तो अंदाजावर बदलतो आणि अंदाजाचं बिल गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं. व्हिडिओवाल्याला पाच मिनिटं पुरतात, कारण फॉल्ट आधीच सापडलेला असतो, मग कॅमेरा चालू होतो. आम्ही इंजिनाच्या पेट्रोल लाइनला प्रेशर गेज लावून गाडी आवारात उन्हात चालू ठेवली आणि ती बिघडायची वाट पाहिली. हे मी तुम्हाला त्याच संध्याकाळी कळवलं होतं.

सुरुवातीला गेजवर ३ बारच्या वर प्रेशर होतं. गाडी तापली तसं ते उतरत गेलं, २ च्या खाली आलं आणि इंजिन बंद. त्या क्षणी सेल्फ मारला तर स्कॅनरवर आरपीएम दिसत होता आणि प्लगला ठिणगीही येत होती. म्हणजे क्रँक सेन्सर आणि इग्निशन दोन्ही संशयातून सुटले. पेट्रोलच कमी पडत होतं. राहिला प्रश्न एवढाच की पंप कमजोर की पंपाला जाणारा करंट?

बहुतेकांची गाडी चुकते ती नेमकी इथं. मागची सीट उचलायची, खालचं झाकण काढायचं, पंपाचं कनेक्टर सोडवून त्यात मीटर लावायचा. बारा व्होल्ट दिसले की निकाल तयार: करंट येतोय, म्हणजे पंप गेला. तुमच्या गाडीतही कनेक्टर सोडवल्यावर बारा व्होल्टच दिसत होते! पण तोटी बंद ठेवून नळाचं प्रेशर बघितलं तर ते पूर्णच दिसणार. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वाटेत वायर कितीही कळकलेली असली तरी त्याला कळत नाही. व्होल्टेज मोजायचं ते कनेक्टर जोडलेलं ठेवून, पंप फिरत असताना.

तसं मोजलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपावर ८.७. पाच व्होल्ट वाटेतच गायब. अर्थिंगच्या बाजूला तपासलं, तिथं फक्त ०.२ जात होते. फ्यूज आणि रिले मिळून ०.३. उरलेले ४.७ व्होल्ट रिलेपासून पंपापर्यंतच्या एका वायरमध्ये जिरत होते. पंप साधारण ४ अँपिअर ओढतो. हिशेब केला तर त्या वायरीत कुठंतरी १९ वॅटच्या आसपास उष्णता तयार होत होती. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा असतो. म्हणजे कार्पेटखाली जवळजवळ एक बल्ब जळत होता म्हणा ना.

तरीही लगेच वायर शोधायला गेलो नाही. फ्यूज लावलेली वेगळी वायर बॅटरीवरून थेट पंपाला दिली. प्रेशर तिथल्या तिथं वर आलं आणि गाडी तापलेली असूनही टिकून राहिलं. पंप निर्दोष ठरला तो या चाचणीनं, आमच्या मतानं नाही. (हे वाचून घरी कुणी करू नका. उघड्या टाकीवर पेट्रोलची वाफ असते आणि तिथं वायर घासून ठिणगी काढणारे महाभाग मी पाहिलेत.)

जॉइंट सापडला ड्रायव्हरच्या दाराच्या उंबऱ्याशी, कार्पेटखाली. आधीच्या मालकानं कधीतरी चोरी-अलार्म बसवला असणार. बसवणाऱ्यानं पंपाची वायर तोडून त्यात कट-ऑफ, म्हणजे पंपाचा करंट तोडणारा स्विच, घातला होता. पुढं अलार्म काढला तेव्हा दोन टोकं नुसती पिळून वर टेप गुंडाळली. तिथं पावसाळ्यात ओल मुरते. टेप वितळून चिकट झाली होती, आत तांब्यावर हिरवा कळंक, आणि पिळातल्या निम्म्या तारा बोट लावताच तुटल्या. फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे, कापलेला तुकडा बिलासोबत पाकिटात दिलाय. दोन्हीकडं चांगलं तांबं लागेपर्यंत वायर कापली, त्याच जाडीचा तुकडा क्रिम्प करून (धातूच्या नळीत घट्ट दाबून) जोडला, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवलं. त्यानंतर त्याच जागी, त्याच पद्धतीनं पंपावर १३.३ व्होल्ट मिळाले.

वायर वीस रुपयांचीच आहे, खरं आहे. बिलात सामानाचे सगळे मिळून १५० आहेत, १,७०० तपासणीचे आणि लेबरचे. तपासणीला दोन हजारांपर्यंत लागतील, हा मेसेज मी आधी पाठवला आणि तुमचं ‘ठीक आहे, करा’ आल्यावरच सीट उचलली. साडेसहा हजारांचा नवा पंप टाकला असता तर त्यालाही तेच ८.७ व्होल्ट मिळाले असते. थंडाव्यात चार दिवस गाडी चालली असती, मग पुन्हा टोल नाका, आणि ‘डुप्लिकेट पंप टाकला’ असा रिव्ह्यू बिचाऱ्या त्या मेकॅनिकला मिळाला असता.

सकाळच्या सेल्फचं दुखणं वेगळं आहे आणि ते जॉब कार्डवर लिहून दिलंय. गाडी बंद केल्यावर लाइनमध्ये प्रेशर टिकून राहायला हवं. तुमच्या गाडीत ते काही मिनिटांत उतरतं. पंपाच्या आतला एकेरी वाल्व ढिला झाला असेल किंवा इंजिनात पेट्रोल फवारणारा एखादा इंजेक्टर गळत असेल, हे वेगळं तपासावं लागतं. तुम्ही ‘सध्या बंद पडणं तेवढं थांबवा’ म्हणालात, म्हणून त्याला हात लावला नाही. तोवर सकाळी चावी ऑन करा, मागून पंपाचा घुं आवाज दोनेक सेकंद येऊन थांबेल, चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि मग सेल्फ मारा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की हे सगळं नव्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळं झालं असावं. हल्ली जुन्या गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं खापर इथेनॉलवर फुटतं. या वयाच्या गाडीचे रबरी पाइप आणि सील तपासत राहावेत, यात दुमत नाही. पण कार्पेटखालच्या वायरीला पेट्रोल लागतच नाही, साहेब. त्यापेक्षा गाडी कायम रिझर्व्हवर पळवायची सवय सोडा. पंप टाकीतल्या पेट्रोलमुळंच थंड राहतो.

सकाळचं प्रेशर तपासायचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडा. रात्रभर थंड झाल्यावर पहिला सेल्फ गेज लावूनच मारू. त्या तपासणीचे पैसे घेणार नाही, पण वाल्वमुळं पंप बदलायचा ठरलाच तर त्याचं बिल वेगळं होईल आणि ते आधी सांगू. सोमवारी गॅरेज बंद असतं. येताना निदान पाव टाकी पेट्रोल असू द्या.