‘एसबीआर बसवा, नदी वाचवा’: फिरत्या संदेशातलं काय टिकतं, काय नाही

व्हॉट्सअॅपवर फिरणारा, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाबद्दलचा (एसटीपी) संदेश साधारण असा आहे: ‘आपल्या शहराचा एसटीपी जुन्या पद्धतीचा आहे, म्हणून नदी मरतेय. एसबीआर हे अत्याधुनिक तंत्रज्ञान आहे. निम्मी जागा, निम्मी वीज. सगळं संगणक चालवतो. पाणी पिण्यालायक होतं. गाळ होतच नाही. तलाव म्हणजे डासांचे कारखाने. तरी नगरपालिका जुन्यालाच का चिकटून बसली आहे?’

एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत पाळीपाळीने पाणी भरणं, हवा सोडणं, गाळ बसू देणं आणि वरचं पाणी काढणं, ही चांगली पद्धत आहे. नेरूळचा १०० एमएलडीचा (एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर) प्रकल्प आणि पणजीतला टोंकचा साडेबारा एमएलडीचा प्रकल्प याच पद्धतीचे. पण वरच्या आठ दाव्यांपैकी जसाच्या तसा टिकतो तो एकच, जागेचा.

‘एसटीपी जुना, म्हणून नदी मरतेय’

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२१ची आकडेवारी पाहा. देशातल्या शहरांत ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होतं. बांधून ठेवलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३५ एमएलडीवर. म्हणजे बांधलेल्या टाक्याही एक तृतीयांश रिकाम्या. घराघरातून जोडणी नाही, मलवाहिनी अर्धवट आहे, पंपिंग स्टेशन बंद आहे, आणि पाणी तिथूनच नाल्यात जातं. जे पाणी एसटीपीपर्यंत पोचत नाही, त्याला आतली पद्धत कुठली याच्याशी काय देणंघेणं?

यावर उपाय म्हणून नालाच अडवून एसटीपीकडे वळवतात. मग वेगळंच दुखणं सुरू होतं. आराखडा २५० बीओडीचा (बीओडी म्हणजे घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये; घाणीचं माप) आणि येतं ८०-१०० बीओडीचं पातळ पाणी, सोबत वाळू आणि प्लास्टिक. जिवाणूंना पुरेसं खाणं मिळत नाही, गाळाचे गठ्ठे बारीक होतात, खाली बसत नाहीत आणि पाण्याबरोबर वाहून जातात.

‘अत्याधुनिक’

१९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववण्याची, पद्धत मांडली. तेव्हा ते टाकी भरत, हवा सोडत, गाळ बसू देत, वरचं पाणी काढून घेत आणि पुन्हा भरत. एसबीआर म्हणजे नेमकं हेच. दर काही तासांनी हाताने झडपा उघडायच्या-मिटायच्या म्हणून ती मागे पडली आणि सतत वाहती, गाळ बसवायला वेगळी टाकी (क्लॅरिफायर) असलेली पद्धत रुळली, जिला संदेशात ‘जुनी’ म्हटलं आहे. पीएलसी (ठरल्या क्रमाने यंत्रं चालवणारा छोटा संगणक) आणि मोटारवरच्या झडपा आल्यावर मूळची पद्धत परतली. दोघींत थोरली कोण, ते ठरवा.

‘निम्मी जागा, निम्मी वीज’

सात आयआयटींनी गंगा खोरे आराखड्यासाठी केलेल्या तुलनेत दर एमएलडीमागे जागा अशी आहे: पारंपरिक सक्रिय गाळ ९०० चौरस मीटर, एसबीआर आणि एमबीबीआर (प्लास्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारी पद्धत) ४५० च्या आसपास, स्थिरीकरण तलाव (सांडपाणी उन्हात साठवून शुद्ध करणारे) ६,००० च्या आसपास. क्लॅरिफायर वाचतो, म्हणून जागा खरंच निम्मी.

विजेचं तसं नाही. त्याच तुलनेत दर एमएलडीला रोज पारंपरिक पद्धतीला सुमारे १८६ युनिट, एसबीआरला १५४, एमबीबीआरला २२४ आणि बारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या एमबीआरला ३०० च्या वर. बचत सहाव्या हिश्श्याची, निम्मी नव्हे. कारण साधं आहे. एक एमएलडी पाण्यात २०० बीओडी धरला तर रोज २०० किलो खाद्य. त्याला साधारण तितकाच प्राणवायू लागतो. अमोनियाही काढायचा तर दर किलो अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ किलो प्राणवायू. ३० किलो धरले तर आणखी सुमारे १३५ किलो. टाकी गोल असो, चौकोनी असो, जिवाणू तेवढाच प्राणवायू मागतात. नायट्रेटचं विघटन नीट झालं तर त्यातला काही भाग परत मिळतो, बस.

खरी बचत होते ती पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजून ब्लोअरचा (टाकीत हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) वेग कमी-जास्त केल्याने. ती सोय जुन्या प्रकल्पातही बसवता येते. मात्र प्राणवायू मोजणाऱ्या प्रोबवर शेवाळ चढलं आणि कोणी पुसलं नाही, तर यंत्रणेला प्राणवायू सतत कमी दिसतो, ब्लोअर पूर्ण वेगाने धावत राहतो आणि बचत संपते. हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरचे रबरी पडदे बुजले की दाब वाढतो आणि बिलही.

‘सगळं संगणक चालवतो’

तीन तासांचं चक्र घ्या: ९० मिनिटं भरणं आणि हवा, ४५ मिनिटं गाळ बसणं, ४५ मिनिटं पाणी काढणं. झडपा पीएलसी फिरवतो, हे खरं. पण डिकँटर, म्हणजे पाण्याची पातळी उतरेल तसा खाली सरकणारा बंधारा, अडकला तर पीएलसी फक्त अलार्म देतो. चार टाक्यांच्या प्रकल्पात एक डिकँटर बंद म्हणजे पाव क्षमता बंद. क्लॅरिफायरमधली गाळ खरवडणारी यंत्रणा काही तास थांबली तरी पाणी वाहत राहतं. इथे तेवढी सवलत नाही.

आणखी एक चूक निविदेतच होते. चार टाक्या असतील तर ४५ मिनिटांच्या चार पाळ्यांत तीन तास भरतात आणि पाणी सलग बाहेर पडतं. छोट्या शहरात खर्च वाचवायला दोनच टाक्या बांधतात. मग पाणी निम्मा वेळच बाहेर पडतं, पण दुप्पट वेगाने. क्लोरीन टाकी आणि डोसिंग पंप मात्र सरासरी प्रवाहावर काढलेले असतात. परिणामी पाणी निघतं तेव्हा क्लोरीन अपुरा आणि पाणी नसतं तेव्हा पंप उगाच चालू. मध्ये समतोल टाकी द्या किंवा क्लोरीनची टाकी आणि पंप दुप्पट प्रवाहावर काढा.

वीज गेली तर ब्लोअर उचलेल एवढा जनरेटर हवा, आणि डिझेलसाठी अंदाजपत्रकात पैसा. पावसाळ्यात प्रवाह वाढला की चक्र आखूड करावं लागतं. बसण्याचा वेळ किती कापायचा हे गाळ पाहणारा माणूस ठरवतो. त्याचा पगार संदेशात धरलेला नाही.

‘पाणी पिण्यालायक’

नाही. बीओडी १० च्या खाली आला म्हणजे जंतू गेले असं होत नाही. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कॉलिफॉर्म जिवाणू दहा लाखांपासून कोटीपर्यंत असतात. त्यातले ९९ टक्के गेले तरी दहा हजार ते लाख उरतात. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेची मर्यादा १,००० आहे, हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलेली २३०. म्हणून क्लोरीन किंवा अतिनील किरण लागतातच. पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय एकही चालत नाही. सिंगापूर या पायरीला पोचतं ते सूक्ष्मगाळण, आरओ आणि अतिनील अशा तीन टप्प्यांनंतर. आपल्याकडचा शहाणा वापर नागपूरचा: भांडेवाडीचं १३० एमएलडी पाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला जातं. तेवढं गोडं पाणी वाचतं, आणि कोणाला ते प्यावं लागत नाही.

‘तलाव म्हणजे डासांचे कारखाने’

डास उघड्या पाण्यावर कमी आणि काठच्या गवतात जास्त वाढतात. काठाला दगडी पिचिंग करा, गवत कापा. तलावात पाणी दिवसेंदिवस उन्हात राहतं, त्यामुळे जंताची अंडी तळाशी बसतात आणि जंतू मरतात, तेही जवळपास विजेशिवाय. तलावाची खरी अडचण वेगळी आहे: पाण्यातलं शेवाळच बीओडीत मोजलं जातं, म्हणून बीओडीची १० ची मर्यादा गाठणं जमत नाही. मुंबईत एवढी जागा नाही, त्यामुळे तिथे हा विषयच संपतो. पण गायरान आहे, खाली शेतकरी पाणी मागताहेत आणि वीजबिल थकलेलं आहे अशा नगर परिषदेने तलाव आधी तपासून पाहावा.

‘गाळ होतच नाही’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. जिवाणू जे खातात, त्यातला काही भाग त्यांच्या अंगी लागतो, आणि त्यालाच आपण गाळ म्हणतो. २०० बीओडीच्या पाण्यात दर एमएलडीला रोज साधारण १५० ते २०० किलो कोरडा गाळ तयार होतो. एक टक्का घनतेचा पातळ गाळ धरला तर तो १५ ते २० घनमीटर. सेंट्रिफ्यूजमधून (गाळ वेगाने फिरवून पाणी काढणारं यंत्र) वीस टक्के घनतेचा केक, म्हणजे घट्ट गाळ, काढला तर पाऊण ते एक टन. २० एमएलडीचा प्रकल्प पूर्ण भरून चालत असेल तर रोज १५ ते २० टन केक.

गाळ साचतो कसा? पॉली (गाळातलं पाणी सुटावं म्हणून घालायचं रसायन) संपतं, खरेदीची फाईल अडकते, म्हणून सेंट्रिफ्यूज थांबतं. गाळाची टाकी भरते, मग मुख्य टाकीतून गाळ काढणं बंद होतं. जे एमएलएसएस (मुख्य टाकीतलं गाळाचं प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅम) ३,००० ते ३,५०० वर ठेवायचं, ते ७,००० वर जातं. आता ४५ मिनिटांत गाळ पुरेसा खाली बसत नाही, डिकँटर त्याच्यात उतरतो आणि गाळ पाण्यासोबत नदीत जातो. प्रकल्पात गाळ दिसत नाही, कारण तो तिथे उरलेलाच नाही.

हे ओळखायला प्रयोगशाळा फारशी लागत नाही. एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवा. ३,००० एमएलएसएसला ३०० मिलिलिटर गाळ बसला तर निर्देशांक (गाळाच्या एका ग्रॅममागे मिलिलिटर) १००, म्हणजे प्रकृती ठीक. १५० च्या वर गेला तर गाळ फुगलेला आहे, प्राणवायू आणि तंतुमय जिवाणू तपासा.

आणि माहिती अधिकारात काही मागायचंच असेल तर पद्धत कुठली हे विचारू नका. रोजचा प्रवाह, एमएलएसएसची वही आणि केक नेणाऱ्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या मागा. वहीत २० एमएलडी प्रवाह आणि पावत्यांवर रोज तीन टन केक असेल, तर उरलेला किमान बाराएक टन नदीत गेला, नाहीतर प्रवाहाचा आकडा तरी खोटा आहे.